खेजडीला पाणी

आमच्या कॉलनीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कॉलनी म्हणजे इथली, ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी उपनगरातली नव्हे. इथे आमच्या पलीकडच्या घरात कोण राहतं हेसुद्धा मला धड माहीत नाही. कॉलनी म्हणजे राजस्थानच्या वाळवंटातल्या तांब्याच्या खाणीची. माझा जन्म तिथला, शाळा तिथली, आणि आता तिथे कुणी राहत नाही. जगभर पांगलेली माणसं त्या ग्रुपवर रोज सकाळी एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवतात, पडक्या क्वार्टरांचे फोटो टाकतात आणि ‘वो भी क्या दिन थे’ म्हणून उसासे सोडतात. मला या उसाशांचा भयंकर कंटाळा आहे. मी तो ग्रुप कधीच म्यूट करून टाकला होता. आई मात्र तो इमानेइतबारे वाचते. कोण गेलं, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं, कुणाचा गुडघा बदलला, सगळं तिला तोंडपाठ असतं.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. बाहेर नॉर-वेस्टर सुटला होता. ख्राइस्टचर्चला हा गरम, कोरडा वारा आला की माणसं चिडचिडी होतात असं इथले लोक म्हणतात. आई त्याला सरळ ‘लू’ म्हणते आणि खिडक्या लावून घेते. त्या दुपारी ती टेबलापाशी बसून मागच्या अंगणातली मेथी निवडत होती. समोर चहाच्या डब्याला टेकवून फोन ठेवलेला. मी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन तिथेच बसले होते. मी एका गोदामातून माल पाठवायचं काम बघते, आणि हल्ली ते अर्धं घरूनच होतं.

“पाडणार म्हणे,” आई म्हणाली.

“काय?”

“क्वार्टर. शाळेपर्यंत सगळं सपाट करणार आहेत. कुणी नवीन कंत्राटदार आलाय, त्याला जागा मोकळी हवीय.”

मी ‘हं’ म्हणाले. गावात माणूस राहिलं नाही, मग भिंती राहिल्या काय आणि गेल्या काय, असं माझ्या मनात आलं. पण आईने मेथीची जुडी खाली ठेवली होती.

“मला एकदा जायचंय,” ती म्हणाली. “पाडायच्या आत. माती आणायचीय.”

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत आयपॅडवर पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, “काय ठेवलंय आता तिथे?” आणि उत्तराची वाट न बघता उठले, दारातल्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, पायात सरकवल्या आणि त्या वाऱ्यात बाहेर निघून गेले. एरवी असला वारा असला की ते डेअरीपर्यंत दूध आणायलासुद्धा जात नाहीत.

कसली माती, ते मला विचारावं लागलं नाही.

बाबा नागपूरला खाणीचं इंजिनिअरिंग शिकून तिकडे गेले तेव्हा तिथे एक डोंगर, काही तंबू आणि नजर जाईल तिथवर वाळू होती. डोंगराच्या पोटात तांबं आहे हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं, पण ते खोलवरून काढायचं तर माणसं हवीत, माणसांना घरं हवीत, आणि घरांना पाणी हवं. पाणी कित्येक मैलांवरच्या विहिरींतून नळाने आणलं. त्या एका नळावर गाव उभं राहिलं. आधी खाणीवरचं मोठं चाक, मग दगड दळायचा कारखाना, मग भट्टी आणि तिचं धुराडं, मग ए टाइप, बी टाइप, सी टाइप क्वार्टर, शाळा, दवाखाना, क्लब, उघड्यावरचं सिनेमाघर.

आई पुण्याहून लग्न होऊन आली ती बी टाइपमध्ये. स्टेशनवर उतरल्यावर जीपमधून येताना वाटेत एकही झाड दिसलं नाही म्हणून ती रडली होती, असं बाबा सांगायचे. आई म्हणायची, “खोटं. डोळ्यात वाळू गेली होती.” पण तिला ते गाव आवडलं. सगळेच तरुण, सगळ्यांचीच नवी लग्नं, सासूसासरे हजार मैलांवर. असं सुख तिच्या पुण्यातल्या मैत्रिणींपैकी कुणालाच नव्हतं. शेजारी बंगाली, पलीकडे तमिळ, मागे बिहारी. मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण गणपती दणक्यात व्हायचा. विसर्जनाला नदी नाही, म्हणून पिंपात विसर्जन, आणि ते पाणी दुसऱ्या दिवशी बागेला. दिवसातून तीनदा पाळी बदलल्याचा भोंगा व्हायचा. आई कुकर भोंग्यावर लावायची. वारा फिरला की भट्टीचा गंधकाचा धूर कॉलनीवर यायचा, घसा चरचरायचा, दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागायचे. कुणी कुरकुर केली की मोठी माणसं म्हणायची, “भट्टी चालू आहे तोवर चूल चालू आहे.” आम्ही पोरं वाळूत सोनेरी चमकणारे दगड शोधायचो आणि श्रीमंत झाल्यासारखे खिसे भरून घरी यायचो. त्या दगडांमुळे खिसे फाटायचे आणि आम्हाला धपाटे मिळायचे.

हे सगळं सुखाचंच होतं, आणि मला त्याची आठवण काढायला आवडत नाही. कारण त्या सुखाच्या मागे एक झाड होतं.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. अपुऱ्या दिवसांचा. कॉलनीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं, पण तो बाराव्या दिवसापर्यंतही पोचला नाही. म्हणजे बारसं झालं नाही. म्हणजे त्याला नावच नाही. आमच्या घरात त्याचा उल्लेख कधी झालाच तर ‘बाळ’ असा होतो. तो असता तर आज पन्नाशीचा असता, आणि तरी तो बाळच.

इतक्या लहान मुलाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. आणि बायका तिथे जात नाहीत. बाबा आणि त्यांचे दोन सहकारी त्याला घेऊन गेले आणि दुपारपर्यंत परत आले. आई दवाखान्यातल्या खाटेवर होती. तिला दूध येत होतं. घरी आल्यावर तिने बाबांना एकच विचारलं, “कुठे ठेवलंत?”

स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेची मागची भिंत दिसायची, आणि भिंतीपलीकडे एक खेजडीचं झाड. बाबांनी बोट दाखवलं. “त्या झाडापाशी.”

खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतात ती. आईला ते समजलं तेव्हा तिला जरा बरं वाटलं असावं. निदान ओळखीचं झाड. तिने त्याला पाणी घालायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी, भांडी आवरून झाली की, प्लॅस्टिकची निळी बादली घेऊन ती शाळेच्या मागे जायची आणि बुंध्याशी पाणी ओतायची.

आता वाळवंटात खेजडीला पाणी घालणं म्हणजे वेडेपणा. ते झाड पाण्यावाचून जगण्यासाठीच जन्माला येतं. पाऊस न पडलेल्या वर्षीसुद्धा ते हिरवं असतं, म्हणून तर तिकडचे लोक त्याला देव मानतात. दूध घालायला येणारी गावातली म्हातारी आईला हसायची. “बाईसा, इनै पाणी कोनी चाहिजै,” म्हणायची, म्हणजे याला पाणी लागत नाही. कॉलनीतल्या बायकांनी आपापसात ठरवून टाकलं की सी टाइपमधल्या जोशीणबाईंसारखी ही पण शनीचं काहीतरी व्रत करतेय. शमी आणि शनी, जुळतंही. आईने कुणाचाच गैरसमज दूर केला नाही. उलट एकदोघीजणी शनिवारी तेल घेऊन यायला लागल्या तेव्हा तिने त्यांना जागा करून दिली.

मी झाले, चालायला लागले, तशी मीही बरोबर जायला लागले. माझ्या हातात छोटी झारी. मला वाटायचं, प्रत्येकाच्या आईचं एक झाड असतं. खरं काय ते मला सातवी-आठवीत असताना कळलं, आईकडूनच, पाणी घालता घालता, अगदी साध्या आवाजात. मला भीती वाटली, मग राग आला. आपल्याआधी कुणीतरी होतं याचाच राग. काही दिवस मी तिच्याबरोबर गेले नाही. तिने बोलावलंही नाही. मग एका संध्याकाळी मीच झारी घेऊन निघाले आणि तो विषय तिथे संपला.

बाबा कधी झाडाकडे येत नसत. पुरुषमाणसाला हे सहन होत नसेल, असं आई म्हणायची. मीही तेच धरून चालले.

गाव मोडायला फार वर्षं लागली, आणि मोडतंय हे आम्हाला कळायलाही. आधी दगडातलं तांबं कमी झालं. मग बाहेरून येणारं तांबं स्वस्त झालं. मग नवीन भरती थांबली, आणि कॉलनीत पहिल्यांदाच म्हातारी माणसं दिसायला लागली. म्हणजे आमचेच आईबाप. एक दिवस भट्टी थंड झाली. दुरुस्तीसाठी, असं सांगितलं होतं. हवा इतकी स्वच्छ झाली की लांबचे डोंगर दिसायला लागले, आणि बायका दोरीवर बिनधास्त कपडे घालताना एकमेकींकडे बघेनाशा झाल्या. मग मुदतीआधीच निवृत्ती घ्यायची योजना आली. दर आठवड्याला कुणाच्या तरी दारात ट्रक लागायचा. आज बंगाली, उद्या तमिळ. गेलेल्या माणसांच्या क्वार्टरमध्ये आधी कबुतरं शिरली, मग कुणीतरी येऊन खिडक्यांच्या चौकटी काढून नेल्या. शाळेत वर्ग एकत्र केले, मग शाळाच बंद झाली. तळातली खाण जरा धुगधुगत राहिली, पण कारखाना थांबला तसा कॉलनीचा नळही आठवड्यातून एकदाच यायला लागला, आणि ज्या बागा आमच्या आयांनी पोटच्या पोरांसारख्या वाढवल्या होत्या त्या एका उन्हाळ्यात जळून गेल्या. फक्त खेजडी हिरवी राहिली.

आमचा ट्रक लागला तेव्हा मी पुण्याला कॉलेजात होते आणि सुट्टीत सामान बांधायला आले होते. शेवटच्या संध्याकाळी आईने पिण्याच्या पाण्यातलं पाणी बादलीत घेतलं. बाबा म्हणाले, “अगं, वाटेत लागेल.” ती म्हणाली, “वाटेत विकत घेऊ.” आम्ही दोघी गेलो. ती रडली नाही. बुंध्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “येते रे.” परत येताना मात्र मला एका हाताने इतकं घट्ट धरलं होतं की माझ्या दंडावर वळ उठले.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. ते पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहिले, मी विद्यार्थी म्हणून इकडे आले, मग नोकरी, लग्न, मुलगी, घर. काही वर्षांनी आईबाबांना इकडे आणलं. आईने इथल्या जमिनीत मेथी, कोथिंबीर आणि दोडके लावले. फिजोआ हे फळ तिला पेरूची भ्रष्ट नक्कल वाटतं, तरी ती त्याचं लोणचं घालते. भेटणाऱ्याला ‘किया ओरा’ म्हणते, अगदी नमस्कार करून.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सगळे सेंट्रल ओटागोत फिरायला गेलो होतो. तिकडे सोन्याच्या खाणींची जुनी, मोडून गेलेली गावं आहेत. उघडे बोडके डोंगर, रुक्ष जमीन, दगडी घरांची जोती. पण सगळीकडे पाट्या, वाटांना कठडे, गवत कापलेलं. “बंद पडलेल्या गावाचीसुद्धा किती निगा ठेवतात,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुकापेक्षा दुखावल्यासारखं काहीतरी होतं. गावाबाहेर छोटी दफनभूमी होती. आई एका बुटक्या दगडापाशी थांबली आणि माझ्या मुलीला म्हणाली, “काय लिहिलंय बघ गं.”

माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिने वाकून वाचलं. “इन्फंट सन ऑफ... अँड देन द पेरेंट्स’ नेम्स. हिज नेम इझन्ट देअर, आजी. जस्ट ‘इन्फंट सन’.”

“नाव नाही?”

“नो.”

आई त्या दगडाजवळ उभी राहिली. आम्ही गाडीपर्यंत पोचलो तरी ती आली नव्हती. मी बोलवायला गेले तेव्हा ती म्हणाली, “नाव नाही, तरी जागा आहे बघ.” मी काहीतरी उन्हाबद्दल बोलून तिला गाडीत बसवलं.

तेव्हा कसली माती, हे मला विचारावं लागलं नाही ते यामुळे. तिला इथे मागच्या अंगणात एक जागा करायची होती. आपण जिथे मरणार तिथे ते बाळही असावं, एवढंच तिचं म्हणणं. मूठभर माती.

पण या देशात माती आणता येत नाही. बाकी काहीही चालेल एकवेळ, माती नाही. विमानतळावर बुटांचे तळवेसुद्धा उलटे करून बघतात आणि चिखल दिसला की धुवून देतात. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या पिशवीतला कढीपत्ता काढून घेतला होता, त्याचा राग तिच्या मनातून अजून गेलेला नाही.

“मी मसाल्याच्या डब्यात घालून आणीन,” ती म्हणाली. “धणेपुडीसारखीच दिसते.”

“आजी, यू कान्ट!” माझी मुलगी किंचाळली. “दे’ल फाइन यू, लाइक, हीप्स. अँड दे हॅव डॉग्ज!”

“कुत्र्याला काय कळतंय?”

“आई, कुत्र्याला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं,” मी म्हणाले. मग आम्ही तिघी हसलो, कितीतरी वेळ. बाबा हसले नाहीत.

पण आई मागे हटणारी नव्हती. ती म्हणाली, माती नाही तर शेंगा आणीन. मी म्हणाले, बिया तर त्याहून वाईट. मग नुसता हात लावून येईन. हात तर कुणी काढून घेणार नाही ना? तिचे गुडघे दुखतात, रक्तदाब वरखाली होतो, इथून दिल्ली आणि दिल्लीहून पुढे गाडीने, सगळा प्रवास तिच्या वयाला झेपणारा नाही. तरी मी रजेचं बघायला सुरुवात केली. आयुष्यात तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट असेल.

मी तिकिटं बघतेय हे बाबांना कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “मला हार्डवेअरच्या दुकानात सोड.” दुकानाच्या आवारात गाडी लावली तरी ते उतरले नाहीत. पट्टाही सोडला नाही.

“ते झाड नाही,” ते म्हणाले.

“काय झाड नाही?”

“बाळाला आम्ही तिथे पुरलं नव्हतं.”

मग त्यांनी सांगितलं. समोरच्या काचेकडे बघत, कामाचा अहवाल द्यावा तसं. त्या दिवशी तिघेजण बाळाला घेऊन डोंगराच्या पलीकडे, एका कोरड्या ओढ्याच्या उतारावर गेले होते. कॉलनीपासून लांब, कारण कॉलनीजवळ नको असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. वर दगड रचले. आई घरी आली तेव्हा तिने विचारलं, कुठे ठेवलंत? खिडकीतून तो उतार दिसत नव्हता. तिचा चेहरा बघून बाबांना वाटलं, हिला दिसेल असं काहीतरी दाखवलं पाहिजे. दिसलं ते झाड. “दोन दिवसांत खरं सांगीन म्हटलं होतं,” ते म्हणाले. “पण तिसऱ्या दिवशी ती बादली घेऊन निघाली.”

“आणि नंतर?”

“नंतर तिथे तळं झालं.”

ते तळं मला माहीत होतं. आम्हा सगळ्या पोरांना तिकडे जायला बंदी होती. दगड दळून तांबं काढून घेतलं की जो राखाडी गाळ उरतो, तो कारखान्यातून नळाने त्या ओढ्याच्या उतारावर सोडायचे आणि बांध घालून अडवायचे. गाळ खाली बसायचा, पाणी वर. दर काही वर्षांनी बांध वाढवायचे, तसं तळं पसरायचं. आमच्या अख्ख्या वाळवंटात तेवढंच एक उघडं पाणी होतं. कारखाना थांबल्यावर ते आटलं, आणि गाळाची भुकटी वाऱ्याबरोबर उडायला लागली. उरलेसुरले लोक खोकून बेजार झाले.

“बांध वाढवायचं ठरलं तेव्हा तुम्ही बोलला नाहीत?”

“काय बोलणार होतो? मीटिंगमध्ये सांगू, की माझा मुलगा आहे तिथे? बरोबरचे दोघंही गेले आता. मला एकट्यालाच माहीत आहे.”

मला दया यायला हवी होती. मला आला संताप. रोजची ती बादली, ती झारी, हसणाऱ्या बायका, पिण्यातलं ओतलेलं पाणी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणाले, “तुम्ही तिला एकदाही थांबवलं नाहीत?”

“ती तिथून येताना शांत असायची गं. मी कसं थांबवू?”

“मग आता मला का सांगताय?”

“ती गुडघे घेऊन इतक्या लांब जाणार. भलत्याच झाडासाठी. वाटेत काही झालं तर? तू सांग तिला. तुझं ऐकेल.”

“अजिबात नाही,” मी म्हणाले. “तुम्ही सांगायचं. आजच.”

आम्ही तसेच घरी आलो. हार्डवेअरच्या दुकानातून काय आणलं, असं आईने विचारलं, आणि आमच्या दोघांच्याही हातात काही नव्हतं.

बाबांनी तिला टेबलापाशी बसवलं. मी उठून जायला निघाले तर ते म्हणाले, “थांब.” म्हणून मी ओट्याशी उभी राहिले. गाडीत सांगितलं तेच त्यांनी सांगितलं, पण आता अडखळत, मध्ये मध्ये थांबून. झाड का दाखवलं ते सांगितलं. उतार, दगड, बांध, तळं. आई ऐकत होती. मला वाटलं, आता ती चिडेल. तिला चिडायचा पूर्ण हक्क होता, आणि खरं सांगायचं तर ती चिडावी असं मला वाटत होतं.

ती चिडली नाही. तिने टेबलावरचे हात मांडीवर घेतले. मग म्हणाली, “म्हणजे त्याला कुणी पाणीच घातलं नाही.”

“अगं, तसं नाही,” बाबा घाईघाईने म्हणाले. “तिथे पाणी होतं. बारा महिने होतं. कारखान्याचं सगळं पाणी तिथेच यायचं. आपल्या कॉलनीचा नळ फुटून टँकर यायचा तेव्हासुद्धा तिथे पाणी होतं.” हे ते इतक्या पटकन बोलले की माझ्या लक्षात आलं, हे त्यांच्या मनात कितीतरी वर्षं तयार असणार. स्वतःला ते हेच सांगत आले असणार.

आईने मान हलवली. तिला ते पटलं असावं. क्षणभर तिचा चेहरा सैलावलासुद्धा.

“कारखाना चालू होता तोवर,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि आता?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“आता नाही,” ते म्हणाले. “आता वाळलंय.”

तेव्हा आई रडली. त्या झाडाखाली इतक्या वर्षांत एकदाही न रडलेली माझी आई हॉर्नबीतल्या स्वयंपाकघरात तोंडावर हातही न घेता मोठमोठ्याने रडली. आणि बाबा तिच्या खुर्चीमागे उभे राहून, तिच्या खांद्याला हात लावावा की नाही हे न कळून, पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, “अगं, तेव्हा होतं. तेव्हा होतं गं.”